सैनिकाची पाण्याची बाटली : एक दुर्लक्षित ऐतिहासिक साधन

स्मरणिकेसाठी एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा आमच्यासमोर अनेक विषय होते. पवनीचे प्राचीन स्तूप, वैनगंगेच्या खोऱ्यातील बौद्ध परंपरा, आंबेडकरी चळवळीतील भंडारा जिल्ह्याचे योगदान या विषयांवर यापूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. आमच्या शाळेच्या इतिहास कक्षातील कपाटाच्या खालच्या खणात ठेवलेल्या वस्तूंविषयी मात्र आजवर कोणी लिहिलेले नाही. त्या खणात चार पाण्याच्या बाटल्या, एक जाड कापडाची छागल, एक पत्र्याचा डबा आणि दांडीचा एक पेला आहे. शाळा पाहण्यास येणारे पालक त्यांकडे पाहून ‘हे भंगार कशाला ठेवले?’ असे विचारतात. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर होय.

या संग्रहाचा आरंभ अगदी साधा आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृहात परतलेल्या सातवीतील एका विद्यार्थ्याने आपल्या पेटीतून एक जुनी, चपटी, किंचित बाकदार बाटली काढून आमच्या टेबलावर ठेवली. घरच्यांनी ती भंगारवाल्यास देण्यासाठी काढून ठेवली होती. त्याच्या आजोबांचे वडील ‘कामठीच्या पलटणीत’ होते आणि लढाई संपल्यावर ही बाटली घेऊन गावी आले, असे घरात सांगितले जाई. पुढे कित्येक वर्षे धान कापणीच्या दिवसांत ती बंडीच्या खुंटीला टांगलेली असे. बाटली हातात घेऊन आम्ही वर्गात तिची माहिती सांगू लागलो, तेव्हा त्याच विद्यार्थ्याने विचारले, “सर, पलटणीत सगळ्यांना सारखीच बाटली मिळत होती का?”

प्रश्न लहान होता, परंतु पाण्याचा इतिहास ठाऊक असलेल्या समाजातील मुलाचा होता. त्याचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही. ते शोधताना जे हाती आले ते येथे क्रमाने मांडीत आहोत.

लोटा, पखाल आणि छागल

पाण्याची बाटली सैनिकाच्या कमरेला येण्यापूर्वी हिंदुस्थानी फौजेत पाण्याची व्यवस्था तीन साधनांवर चाले. पहिले साधन म्हणजे शिपायाचा स्वतःचा लोटा. दुसरे भिस्त्याची मशक आणि जनावरावर लादलेली कातडी पखाल. तिसरे छागल. छाग म्हणजे बकरा, आणि मूळची छागल बकऱ्याच्या कातड्याची असे. पुढे ती जाड कापडाची झाली. कापडातून पाणी किंचित पाझरते, त्याचे बाष्प होते आणि आतील पाणी गार राहते. उन्हाळ्यात आपल्या घरातील माठ ज्या तत्त्वावर काम करतो तेच हे तत्त्व. ब्रिटिश अमदानीतील लष्कराने हे दोन्ही देशी शब्द जसेच्या तसे आपल्या साहित्याच्या याद्यांत घेतले. खेचराच्या दोन्ही बाजूंना लटकविलेल्या पत्र्याच्या टाक्यांनाही लष्करात पखालच म्हणत.

या तीनही साधनांना जातीचा स्पर्श होता. कोणाच्या लोट्यातून कोणी प्यावे, कातड्याच्या पिशवीतील पाणी कोणास चालावे, याचे नियम शिपाई गावाहून सोबत घेऊन येत. १८५७ च्या उठावाच्या आरंभीची एक घटना या संदर्भात प्रसिद्ध आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत कलकत्त्याजवळील दमदम येथे दारूगोळ्याच्या कारखान्यातील एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितले. शिपायाने जातीचे कारण सांगून नकार दिला. तेव्हा खलाशाने, चरबी लावलेली काडतुसे दाताने तोडावी लागतील तेव्हा ही जात कोठे राहील, अशा अर्थाचे उत्तर दिले. ही हकिकत त्या वेळच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात नोंदली गेली आहे. दलित इतिहासलेखनात त्या खलाशास मातादीन या नावाने ओळखले जाते. काडतुसांची बातमी फुटली ती पाण्याच्या एका घोटावरून, हे पाठ्यपुस्तकात सहसा ठळकपणे येत नाही.

त्याच्या चाळीस वर्षे आधीचा प्रसंग आपल्या सर्वांना अधिक जवळचा आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून निघाली. रात्रभर चालून ती १ जानेवारी १८१८ च्या सकाळी भीमा कोरेगाव येथे पोहोचली आणि तेथेच लढाईस तोंड लागले. नदी दृष्टीच्या टप्प्यात होती, परंतु तिच्याकडे जाणारी वाट पेशव्यांच्या फौजेने रोखली होती. ते सैनिक दिवसभर अन्नपाण्यावाचून लढले. रात्र पडून हल्ल्याचा जोर ओसरल्यावर त्यांना पाणी मिळू शकले. कोरेगावच्या स्तंभावरील कंपनीच्या सैनिकांच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या अंती ‘नाक’ आहे. आपण दरवर्षी तेथे शौर्याला अभिवादन करतो. त्या शौर्यात एक दिवसाची तहानही होती, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे असे आम्हांस वाटते.

बाटलीची रचना

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व हिंदी सैनिकांच्या कमरेला जी बाटली असे तिची रचना समजून घेतली, तर आपल्या घरात पडून असलेली बाटली ओळखता येईल. ती लोखंडी पत्र्याची असून आतून बाहेरून निळसर इनॅमलचा थर असे. एका अंगाने ती किंचित आत वळलेली असते, म्हणजे कमरेला टेकून बसते आणि चालताना आपटत नाही. तीत सुमारे सव्वा लिटरच्या आतबाहेर पाणी मावते. तोंडाला लाकडी बूच असते व ते हरवू नये म्हणून दोरीने बांधलेले असते. बाहेरून खाकी रंगाच्या जाड नमद्याचे आवरण शिवलेले असते. हे आवरण शोभेसाठी नव्हते. ते भिजविले की छागलीप्रमाणेच पाणी गार राही, आणि चालताना बाटलीचा आवाजही होत नसे.

या बाटलीचा दोष म्हणजे इनॅमल. ते आपटल्याने उडते आणि तेथून गंज चढतो. दमट जंगलात हा दोष अधिक जाणवला. म्हणून १९४४ मध्ये अतिपूर्वेकडील युद्धासाठी जे नवे साहित्य तयार करण्यात आले, त्यात ॲल्युमिनियमची, आट्यांच्या झाकणाची बाटली आली. तिच्या बुडाशी बसणारा पेला सोबत असे. आपल्याकडे ज्यास ‘जर्मनचे भांडे’ म्हणतात तोच हा धातू. हिंदुस्थानात तयार झालेल्या किंवा येथील सरकारच्या मालकीच्या साहित्यावर बाणाची खूण आणि तिच्याजवळ रोमन ‘आय’ अक्षर, तसेच वर्ष पाहावयास मिळते. बाटलीची मान, बूड किंवा पट्ट्याची आतील बाजू अशा ठिकाणी ही खूण शोधावी.

अमेरिकन बाटली निराळी. १९१० च्या नमुन्यावर आधारलेल्या या बाटलीत सुमारे एक लिटरला थोडे कमी पाणी मावते. तिचे झाकण आट्यांचे असून साखळीने जोडलेले असते. बाटली आणि पेला दोन्ही एकाच कापडी खोळीत बसतात. युद्धाच्या मध्यापासून ती स्टेनलेस स्टीलचीही होऊ लागली. १९४२ ते १९४५ या काळात आसाम व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर अमेरिकन सैन्य होते आणि युद्ध संपल्यावर त्यांचे पुष्कळ साहित्य येथेच विकले गेले. त्यामुळे ‘यू. एस.’ हा ठसा असलेली बाटली एखाद्या भारतीय घरात सापडली, तर त्यात नवल नाही. मात्र तेवढ्यावरून त्या घरातील मनुष्य त्या आघाडीवर लढला असे अनुमान काढू नये. ती बाजारातूनही आलेली असू शकते.

जर्मन सैनिकाच्या बाटलीत सुमारे पाऊण ते एक लिटर पाणी मावे व तिच्यावर तपकिरी नमदा असे. जपानी बाटली ॲल्युमिनियमची असून कापडी पट्ट्यांच्या जाळीत अडकविलेली असे. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पाण्याची वाहतूक हाच युद्धाचा मोठा प्रश्न ठरला. ब्रिटिशांचे चार गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे वाटेतच गळत. जर्मनांनी १९३७ च्या सुमारास तयार केलेला वीस लिटरचा दणकट डबा त्यांच्या हाती लागला, तेव्हा त्यांनी त्याचीच नक्कल केली. त्यास जेरीकॅन म्हणतात, कारण इंग्रज सैनिकांच्या बोलीत जर्मनांना ‘जेरी’ म्हणत. आज आपल्या शेतात फवारणीच्या वेळी पाणी आणण्यासाठी जो प्लास्टिकचा कॅन वापरतात, त्याचा हा पूर्वज.

पाणी शुद्ध करण्याची धडपड

जुन्या युद्धांत गोळीपेक्षा पाण्याने अधिक माणसे मारली. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिश पक्षाचे सुमारे २२ हजार सैनिक मरण पावले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक रोगाने गेले आणि त्यांत विषमज्वराचा वाटा मोठा होता. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या आघाडीवर हिंदी सैन्य मोठ्या संख्येने होते. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. या आघाडीवर पटकीने इतका उच्छाद मांडला, की बगदाद जिंकणारे सेनापती जनरल मॉड हे स्वतःच नोव्हेंबर १९१७ मध्ये पटकीने मरण पावले.

या अनुभवातून पाण्याची तपासणी हा लष्कराचा नियमित विषय झाला. पाण्यात जंतुनाशक पूड किती टाकावी हे मैदानावरच ठरविता यावे म्हणून हॉरॉक्स या लष्करी डॉक्टरांनी एक लहान पेटी तयार केली. ती ‘हॉरॉक्स पेटी’ याच नावाने ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धात प्रत्येक सैनिकापाशी गोळ्यांची लहान डबी असू लागली. तीत दोन प्रकारच्या गोळ्या असत. पहिल्या गोळीतील क्लोरीनने जंतू मरत. अर्धा तास थांबून दुसरी गोळी टाकली की क्लोरीनची चव जाई. क्रम चुकला तर पहिल्या गोळीचा उपयोगच होत नसे. त्यामुळे तहान लागलेल्या सैनिकाला पाणी जवळ असूनही अर्धा तास वाट पाहण्याची शिस्त शिकविली जाई. आमच्या संग्रहातील पत्र्याचा लहान डबा अशाच गोळ्यांचा असावा असे वाटते. त्याच्यावरील अक्षरे पुसली गेली असल्याने त्याच्या चिठ्ठीवर आम्ही ‘बहुधा’ हा शब्द लिहिला आहे.

येथे भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांची आठवण होणे साहजिक आहे. चीवर, पिंडपात्र, सुई इत्यादी आठ वस्तूंमध्ये परिस्सावन, म्हणजे पाणी गाळण्याचे वस्त्र, हीदेखील एक आवश्यक वस्तू आहे. पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी हा त्यामागील विचार होता, तर सैनिकाच्या डबीमागे स्वतःचा जीव वाचविण्याचा. हेतू भिन्न असले तरी प्रवासी मनुष्याने पाणी पारखून घ्यावे, ही जाणीव दोन्हीकडे आहे.

कामठीची पलटण आणि पाण्यावर चालणारी बंदूक

आता त्या विद्यार्थ्याच्या घरातील ‘कामठीच्या पलटणी’कडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी लढवय्या व बिनलढवय्या जाती अशी विभागणी करून महारांची सैन्यभरती बंद केली. स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा ती मागणी मांडली. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि निकड संपताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली.

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांच्या पाठपुराव्याच्या काळात १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी बटालियन १९४२ मध्ये कामठी येथे उभी राहिली. कामठी ही नागपूरजवळची जुनी छावणी, त्यामुळे विदर्भातील तरुणांना ती जवळची होती. आरंभी रेजिमेंटच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. ऑक्टोबर १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. आजही तिच्या बिल्ल्यावर दोन विकर्स मशीनगन आहेत आणि तिचे केंद्र मध्यप्रदेशातील सागर येथे आहे.

विकर्स मशीनगन ही पाण्याने थंड होणारी बंदूक. तिच्या नळीभोवती जाड आवरण असून त्यात सुमारे चार लिटर पाणी भरावे लागे. सतत गोळीबार केला की सुमारे सहाशे गोळ्यांनंतर हे पाणी उकळू लागे. वाफ वर गेली तर शत्रूला जागा कळे, आणि पाणी संपले तर नळी निकामी होई. म्हणून रबरी नळीने ती वाफ एका पत्र्याच्या डब्यात सोडत. तेथे तिचे पुन्हा पाणी होई आणि ते परत बंदुकीत ओतत. म्हणजे मशीनगन चालविणाऱ्या जवानाला आपल्या घशाबरोबरच बंदुकीच्या तहानेचाही हिशेब ठेवावा लागे. जुना चौकोनी डबा आणि त्यास रबरी नळी बसविण्याचे तोंड अशी वस्तू कोणाच्या घरी असल्यास ती भंगारात देण्यापूर्वी आम्हांस अवश्य दाखवावी.

सारखी बाटली, निराळी विहीर

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. पलटणीत सर्वांना सारखीच बाटली मिळत होती का? साहित्यापुरते उत्तर ‘होय’ असे आहे. दुसऱ्या महायुद्धातील हिंदी शिपायाला दिल्या जाणाऱ्या वस्तूंच्या यादीत बाटली एकच होती. मराठा असो, पंजाबी मुसलमान असो, मद्रासी असो वा महार असो, बाणाची खूण तीच. परंतु भरती जातवार व धर्मवार होत असे आणि बहुतेक पलटणींतील कंपन्याही त्याच पायावर बांधलेल्या असत. साहित्याच्या यादीत जात नव्हती, भरतीच्या नियमांत मात्र होती. हे अर्धे उत्तर लपवून केवळ सैन्यातील समतेचे गोडवे गाणे इतिहासाच्या शिक्षकास शोभणार नाही.

तरीही त्या बाटलीचे मोल कमी होत नाही. ते समजण्यासाठी बाबासाहेबांच्याच बालपणाकडे पाहावे लागते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी १९०१ च्या सुमारासचा एक प्रवास नोंदविला आहे. सुभेदार रामजी त्या वेळी सैन्यातून निवृत्त होऊन गोरेगाव येथे खजिनदाराचे काम करीत होते. त्यांना भेटण्यासाठी मुले साताऱ्याहून निघाली व मसूर स्थानकावर उतरली. तेथून बैलगाडीच्या प्रवासात रात्र झाली. मुलांजवळ भरपूर जेवण होते, परंतु जात कळल्यावर पाणी कोणी देईना. पाण्यावाचून जेवण घशाखाली उतरणार नव्हते. मुले उपाशीच झोपली. ज्या पित्याने सैन्यात हयात घालविली, त्याच्या मुलांना वाटेवर घोटभर पाणी मिळाले नाही.

पुढे सी. के. बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असे ठरविले. महाड नगरपालिकेने तसा ठरावही केला, पण तो कागदावरच राहिला. मार्च १९२७ च्या महाड परिषदेसाठी आलेल्या लोकांकरिता स्वागत समितीला चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. २० मार्च रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हे लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. या परिषदेच्या कार्यात कोकणातील निवृत्त महार सैनिकांचा सहभाग होता, आणि बाबासाहेबांनी परिषदेतील भाषणात सैन्यभरती बंद झाल्याने समाजाची झालेली हानीही मांडली होती. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

या पार्श्वभूमीवर १९४२ च्या त्या बाटलीकडे पाहावे. सुट्टीवर गावी आलेल्या जवानाच्या कमरेला सरकारने दिलेली, कोणाच्या दयेवर अवलंबून नसलेली पाण्याची बाटली होती. तीत भरावयाचे पाणी मात्र गावातल्या वेगळ्या विहिरीवरून किंवा बोडीवरूनच आणावे लागे. भांडे बरोबरीचे मिळाले होते, पाणवठा मिळाला नव्हता. तो हक्क २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दिला. त्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. वर्गात हा अनुच्छेद शिकविताना आम्ही ती बाटली टेबलावर ठेवतो. संविधानात विहिरीचा उल्लेख कशाला, असा प्रश्न मग कोणी विचारीत नाही.

आमच्या हातून घडलेली चूक

संग्रह करणे म्हणजे वस्तू गोळा करून घासूनपुसून मांडणे, अशी आमचीही पूर्वी समजूत होती. पहिली बाटली आली त्या आठवड्यात शाळेत कार्यक्रम होता. ती पाहुण्यांना स्वच्छ दिसावी म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना ती धुण्यास सांगितले. त्यांनी मोठ्या हौसेने फाटका नमदा उसवून काढला, साबण लावून दगडावर घासला आणि बाटली राखेने चकचकीत केली. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याचे आजोबा शाळेत आले. नमद्याच्या आतील बाजूस काळ्या शाईने वडिलांचा पलटणीतील क्रमांक लिहिलेला होता, असे त्यांनी सांगितले. आम्ही नमदा पाहिला. शाईचा पुसटसा डाग तेवढा उरला होता.

तो क्रमांक असता, तर त्या जवानाची सेवा, पलटण आणि काळ यांचा शोध लष्करी नोंदींतून घेता आला असता. घरात दुसरा कागद नव्हता. डिस्चार्ज बुक पूर्वीच एका पुरात गेले होते. आजोबा आमच्यावर रागावले नाहीत. ‘सर, तुम्हाला का माहीत होतं,’ एवढेच ते म्हणाले. परंतु इतिहासाची पदवी घेतलेल्या मनुष्यास ते ठाऊक असावयास हवे होते, ही खंत आजही आहे. त्या बाटलीच्या चिठ्ठीवर आता ‘कुटुंबाच्या सांगण्यानुसार, कामठीची पलटण’ एवढेच लिहिलेले आहे. त्याहून अधिक लिहिण्याचा अधिकार आम्ही स्वतःच्या हाताने धुऊन टाकला.

या चुकीतून जे नियम आम्ही शिकलो, ते इतरांच्या उपयोगी पडावेत म्हणून येथे देत आहोत. पहिला नियम असा की वस्तू जशी मिळेल तशी ठेवावी. धुऊ नये, घासू नये, रंगवू नये. धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने झटकावी. दुसरा, नमदा व कापडी पट्टा बाटलीपासून वेगळा करू नये. त्यांवर कसर लागते, म्हणून जवळ डांबराच्या गोळ्या कापडात बांधून ठेवाव्यात आणि पावसाळ्यात कपाट कोरडे राहील असे पाहावे. तिसरा, जुन्या बाटलीतून पाणी पिऊन पाहू नये, कारण उडालेले इनॅमल, गंज आणि जुने डाक आरोग्यास अपायकारक आहेत. चौथा, बाटलीवरील प्रत्येक खूण, अक्षर व वर्ष वहीत उतरून घ्यावे आणि छायाचित्र काढावे.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. वस्तूबरोबर तिची हकिकतही घ्यावी. बाटली कोणाची, ती घरात कशी आली, युद्धानंतर तिचा काय उपयोग झाला, हे ज्याने दिली त्याच्याच शब्दांत आणि तारखेसह लिहून घ्यावे. ऐकीव माहिती ऐकीव म्हणूनच लिहावी. बाजारात मिळालेली बाटली बाजारातील म्हणूनच नोंदवावी. आज युद्धकालीन बाटल्यांच्या हुबेहूब नकलाही विकल्या जातात. नवा पट्टा, एकसारखा कृत्रिम गंज किंवा यंत्राची अगदी ताजी शिवण दिसल्यास सावध राहावे. आमच्या चार बाटल्यांपैकी एक अशीच निघाली. तिच्या चिठ्ठीवर ‘नक्कल’ असे लिहून ती आम्ही मुद्दाम ठेवली आहे, कारण खरे व खोटे ओळखण्यास तिचा चांगला उपयोग होतो.

समारोप

युद्धाच्या वस्तू बुद्धविहाराच्या सावलीत वाढलेल्या शाळेत का ठेवाव्यात, असा प्रश्न एका स्नेह्याने विचारला होता. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगताना रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेला कलह वर्णिला आहे. सिद्धार्थाने पाण्यासाठी युद्ध करण्यास विरोध केला. त्या खणातील एकही वस्तू युद्धाचे गौरवगान करण्यासाठी ठेवलेली नाही. मनुष्याला पाणी लागते, ते मिळण्यात कोणी आडवे येते आणि ते मिळविण्यासाठी कोणी उभे राहते, एवढीच गोष्ट त्या वस्तू सांगतात. आमच्या मुलांच्या गळ्यात आज रंगीत वॉटरबॅग असते आणि ती शाळेच्या एकाच नळावर सर्वजण भरतात. ही साधी गोष्ट किती किमतीची आहे, हे त्यांना कळावे एवढाच आमचा हेतू आहे.

पवनी तालुक्यातील आणि जिल्ह्यातील माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची नम्र विनंती आहे. आपल्या घराच्या माळ्यावर, गोठ्यात किंवा जुन्या पेटीत अशी बाटली, छागल, पेला अथवा डबा असेल, तर तो विकू नये. आम्हांस द्यावा असाही आग्रह नाही. घरीच ठेवावा, परंतु त्याची हकिकत घरातील वयोवृद्धांकडून आजच लिहून घ्यावी. बाटली आणखी शंभर वर्षे टिकेल. ती कोणाची होती हे सांगणारा मनुष्य मात्र तेवढा काळ आपल्यात असणार नाही. आणि कृपा करून ती धुऊ नये.